मुक्त सॉफ्टवेअर वापरायला सोपं करायचं काम: सीमाभागातल्या नव्या स्वयंसेवकांसाठी

लिब्रेऑफिस (कागदपत्रं आणि तक्ते), फायरफॉक्स (ब्राउझर), इंकस्केप (चित्र आणि मांडणी), फ्रीकॅड (यंत्रभागांचं ड्रॉइंग) यांसारखी मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणारी सॉफ्टवेअर घडवणाऱ्या गटांना कोड लिहिणारी माणसं मिळतात. वापरणाऱ्याच्या शेजारी बसून तो नेमका कुठे अडला हे टिपून आणणारी माणसं मात्र फार कमी मिळतात. या कामाला प्रोग्रॅमिंग यायची गरज नाही. नीट पाहता आलं पाहिजे, पाहिलेलं साध्या इंग्रजीत मांडता आलं पाहिजे आणि उत्तराची वाट पाहायची तयारी पाहिजे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात राहणाऱ्याकडे आणखी एक भांडवल आहे. इथे एकाच अर्जावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही येतात, आणि तो अर्ज टाइप करणारा माणूस दिवसातून शंभरदा कळफलक बदलतो. एकाच भाषेत काम करणाऱ्या प्रोग्रॅमरला हा वापर सुचतही नाही. तो दाखवून देणारं कोणीतरी लागतं.

पहिली पायरी: एकच प्रोग्रॅम निवडा

तुम्हाला कोणता प्रोग्रॅम आवडतो यापेक्षा तुमच्या आसपास कोण काय वापरतं ते आधी बघा. पतसंस्थेत, शाळेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात ओळख असेल तर लिब्रेऑफिस घ्या. फ्लेक्स आणि लग्नपत्रिका करणारे डीटीपीवाले जवळ असतील तर इंकस्केप. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉप किंवा फाउंड्रीशी संबंध असेल तर फ्रीकॅड उत्तम. त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. ड्रॉइंग वाचता येणारा, पण हा प्रोग्रॅम कधीही न उघडलेला फिटर किंवा टर्नर तिथे सहज भेटतो, आणि तसाच माणूस हवा असतो. ‘पार्ट’ आणि ‘पार्ट डिझाइन’ या जवळजवळ सारख्या नावांच्या दोन वर्कबेंचांपैकी (कामानुसार केलेल्या साधनांच्या संचांपैकी) कुठली उघडायची, इथेच नवखा पहिल्यांदा थबकतो.

निवड पक्की करण्यापूर्वी त्या प्रकल्पाच्या दोष आणि सूचना नोंदवायच्या ऑनलाइन नोंदवहीत, म्हणजे बगझिला, गिटहब किंवा गिटलॅबवर, अर्धा तास घालवा. गेल्या सहा महिन्यांत नवी आवृत्ती आली आहे का? नवख्याच्या नोंदीला कोणी उत्तर दिलंय का, आणि दिलं असेल तर कोणत्या सुरात? कामात सहभागी कसं व्हायचं ते सांगणारी ‘कॉन्ट्रिब्यूटिंग’ नावाची फाइल आहे का? डिझाइनच्या प्रश्नांना वेगळी खूण आहे का? लिब्रेऑफिसच्या बगझिलात अशा नोंदींना ‘needsUXEval’ (वापराच्या सोयीच्या दृष्टीने तपासणी हवी) हा शोधशब्द लावतात. त्या शब्दावर शोध घेऊन दहा-बारा नोंदी वाचून काढल्या, की तिथे वाद कसा घालतात आणि कशाला मान डोलावतात हे कळतं. वर्षभर कोणी उत्तरच दिलेलं नाही असा प्रकल्प प्रेमापोटी निवडू नका. त्यात तुमची मेहनत वाया जाते.

दुसरी पायरी: मशीन तयार करा

अनेक लिनक्स संगणकांवर दोन-तीन वर्षं जुनी आवृत्ती असते. तीत सापडलेला दोष कदाचित कधीच दुरुस्त झालेला असतो, आणि ‘ताज्या आवृत्तीत तपासा’ एवढंच उत्तर हाती येतं. म्हणून सध्याची स्थिर आवृत्ती अधिकृत संकेतस्थळावरून उतरवा. लिब्रेऑफिसने २०२४ पासून आवृत्तीचा आकडा वर्ष आणि महिन्यावरून ठेवायला सुरुवात केली. २४.२ म्हणजे फेब्रुवारी २०२४. त्यामुळे आपली आवृत्ती किती जुनी आहे ते आता एका नजरेत समजतं.

दुसरी खबरदारी सेटिंगची. तुमच्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही केलेले बदल आणि एक्स्टेंशन, म्हणजे वरून जोडलेले जादा भाग असतात. दोष त्यांचा नाही ना, हे पाहण्यासाठी लिब्रेऑफिसमध्ये ‘हेल्प’मधून ‘रीस्टार्ट इन सेफ मोड’ करा, फायरफॉक्समध्ये ‘ट्रबलशूट मोड’. तिथेही दोष दिसला तर तो खरा.

कळफलकासाठी लिनक्सच्या जीनोम डेस्कटॉपवर सेटिंगमधल्या ‘कीबोर्ड’ पानावर इनपुट सोर्स जोडता येतात. मराठीसाठी इनस्क्रिप्ट या सरकारी प्रमाण मांडणीशिवाय ‘कगप’ नावाची ध्वन्यानुसारी मांडणीही मिळते. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद, आणि त्याच मांडणीचं कन्नड रूपही यादीत असतं. दोन्ही भाषा टाइप करणाऱ्याला बोटांची सवय एकच ठेवता येते. भाषा बदलायला सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली) आणि स्पेस या कळी. लिब्रेऑफिसमध्ये मात्र ‘टूल्स’मधल्या ‘ऑप्शन्स’च्या भाषा विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची सोय) सुरू आहे आणि तिथे मराठी निवडली आहे, याची खात्री करा.

तिसरी पायरी: आधी स्वतः चाचपणी

माणसांना बसवण्यापूर्वी भाषेचे उघड दोष स्वतः शोधा. त्यासाठी एक चाचणी-फाइल बनवा आणि ती कायम जवळ ठेवा. तिच्यात पुढच्या गोष्टी हव्यात.

जोडाक्षरं आणि मराठीची खास अक्षरं: दऱ्याखोऱ्या, ऱ्हास, ॲप, ऑक्टोबर, ज्ञानेश्वर, कृष्ण, पाळणा. ती पडद्यावर बरोबर दिसतात का एवढं पाहून थांबू नका, शोधूनही बघा. ‘दऱ्या’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवला जातो: एकदा नुक्त्याच्या ऱ-ने, एकदा साध्या र-ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. ‘ॲ’चंही तसंच. तो एक सलग वर्ण म्हणून येतो किंवा ‘अ’ आणि चंद्र असे दोन मिळून ‘अॅ’ होतो. वकिलांच्या यादीत काहींच्या नावामागे एक ‘ॲड.’ आणि काहींच्या मागे दुसरा असेल, तर शोधात निम्मी नावं गळतात. टाइप करणाऱ्याची यात काही चूक नसते, आणि यादीत नाव नाही असं समजून तो तेच नाव पुन्हा भरतो. असा दोष नोंदवण्यासारखा असतो, कारण त्यातून प्रत्यक्ष नुकसान होतं.

दोन लिप्या एकत्र: एका परिच्छेदात मराठी वाक्य, मग कन्नड वाक्य, मग इंग्रजी. लिब्रेऑफिस रायटरच्या परिच्छेद-शैलीत पाश्चात्त्य, आशियाई आणि ‘कॉम्प्लेक्स’ असे फॉन्टचे गट असतात. देवनागरी आणि कन्नड दोन्ही ‘कॉम्प्लेक्स’ गटात पडतात. म्हणजे शैलीत दोघांना मिळून एकच फॉन्ट देता येतो. निवडलेल्या देवनागरी फॉन्टमध्ये कन्नड अक्षरं नसली, की यंत्रणा परस्पर दुसरा फॉन्ट उचलते. अक्षराचा आकार आणि ओळींमधलं अंतर बदलतं, पण वरच्या पट्टीवर नाव पहिल्याच फॉन्टचं राहतं. टाइप करणारा गोंधळतो, फॉन्ट बदलत बसतो. मूळ भाषेची निवडही या गटाला एकच, म्हणून बाहेरून चिकटवलेल्या कन्नड मजकुरावर मराठी म्हणून लाल नागमोडी रेघा येऊ शकतात. सीमाभागातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कागदात हे रोज घडू शकतं.

जुन्या फॉन्टमधला मजकूर: डीटीपी दुकानांत युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीचा एकच संकेत) येण्यापूर्वीच्या फॉन्टमधल्या कितीतरी फाइली अजून पडून आहेत. त्यांतला मजकूर नव्या प्रोग्रॅममध्ये चिकटवला की इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते. हा प्रोग्रॅमचा दोष नाही, तो नोंदवू नका. असं झाल्यावर वापरणाऱ्याला काय झालं ते समजतं का, एवढं टिपून ठेवा.

आकडे आणि क्रमवारी: एक लाख पंचवीस हजार हे १,२५,००० असं दिसतं की १२५,००० असं? तुम्ही देवनागरी अंक टाइप केले तर बेरीज होते का? नावांच्या क्रमवारीत ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ कुठे पडतात?

कापलेली अक्षरं: देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-ऋकार लागतात. बटणाची उंची इंग्रजी अक्षरावर बेतलेली असेल तर ‘कृ’चा पाय किंवा ‘र्की’चं डोकं कापलं जातं. मोबाइल ॲपमध्ये अक्षरं सगळ्यांत मोठी करून हे तपासा. त्याच फेरीत अक्षरं आणि त्यांमागची पार्श्वभूमी यांच्या रंगांचा फरकही मोजून घ्या. साध्या मजकुरासाठी डब्ल्यूसीएजी या, वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या मानकाची किमान अट ४.५ : १ आहे. फिकट राखाडी अक्षरं भर उन्हात, बसस्टँडवर उभ्या माणसाला वाचता येत नाहीत. अँड्रॉइडवर टॉकबॅक ही पडदा वाचून दाखवणारी सोय सुरू करून डोळे मिटून एखादं काम पार पाडून पाहा. नाव न दिलेलं बटण टॉकबॅक नुसतं ‘बटण’ म्हणून वाचतो, आणि दृष्टिहीन माणसाचं काम तिथेच थांबतं.

चौथी पायरी: माणसं बसवा आणि गप्प राहा

हाच या कामाचा गाभा आहे. किती माणसं हवीत? याकोब निल्सन आणि टॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हिशेबात एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी दिसतात. त्या हिशेबाने पाच जणांत सुमारे ८५ टक्के दिसून येतात. पण हे पाच जण एकाच प्रकारचे असतील तरच हा हिशेब लागू होतो. आपल्याकडे मराठी माध्यमात शिकलेला, कन्नड माध्यमात शिकलेला आणि इंग्रजीच पडदा पसंत करणारा अशी तीन वेगळी माणसं एकाच गल्लीत राहतात. त्यांची सरमिसळ करून पाच करण्यापेक्षा प्रत्येक प्रकारचे तीन-चार घ्या. पहिल्या खेपेला नुसते तिघे घेतले तरी भरपूर सामग्री मिळते.

वेळ त्यांच्या सोयीने ठरवा. पतसंस्थेत ३१ मार्चच्या आसपास जाऊ नका, झेरॉक्सच्या दुकानात प्रवेशाच्या दिवसांत, मे-जूनमध्ये, आणि चिकोडी-अथणीकडच्या ऊसकरी घरात गळिताच्या हंगामात. जागा त्यांचीच, शक्यतो संगणकही त्यांचाच. एका माणसाला तीस-चाळीस मिनिटं, चार कामं, त्याहून जास्त नको.

कामाची भाषा फार जपून ठरवा. ‘इन्सर्ट मेनूतून तक्ता घाला’ असं सांगितलं की उत्तर तुम्हीच दिलंत. ‘या नोटिशीत सभासदांची नावं एका बाजूला आणि रकमा दुसऱ्या बाजूला, समोरासमोर दिसायला हव्यात’ असं सांगा. पडद्यावर असलेला एकही शब्द कामाच्या वाक्यात येऊ देऊ नका. मजकूर आणि यादी तुम्ही बनवलेली, खोट्या नावांची असू द्या. कोणाचं खरं पासबुक किंवा आधार क्रमांक चित्रणात येता कामा नये.

सुरुवातीला स्पष्ट सांगा: “काका, ही परीक्षा तुमची नाही, या प्रोग्रॅमची आहे. अडलात तर दोष त्याचा. करताना मनात जे येईल ते मोठ्यानं बोलत राहा. मध्येच थांबावंसं वाटलं तर खुशाल थांबा.” चित्रण करायचं असेल तर आधी विचारा, आणि ते कोण पाहणार तेही सांगा. अठरा वर्षांखालचा विद्यार्थी असेल तर पालकांची संमती घ्या. पडदा चित्रित करायला ओबीएस स्टुडिओ चालतं. फोनवरचं ॲप असेल तर ‘scrcpy’ (स्क्रीन कॉपी) या प्रोग्रॅमने फोनचा पडदा लॅपटॉपवर आणा आणि फोनच्या डेव्हलपर ऑप्शनमधून ‘शो टॅप्स’ सुरू करा, म्हणजे बोट कुठे पडलं ते दिसतं. हे ऑप्शन उघडायला फोनच्या सेटिंगमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करावं लागतं.

मग गप्प बसा. नव्या स्वयंसेवकाच्या हातून सगळ्यांत जास्त चाचण्या इथे बिघडतात. समोरचा अडखळला की आपला हात माउसकडे जातो, तोंडातून ‘वरती बघा’ निघून जातं, आणि पुढची सगळी चाचणी निकामी होते. निदान दोन मिनिटं थांबा. तो शांत झाला तर एवढंच विचारा: “आता काय शोधताय?” त्याने विचारलं, “हे दाबू का?” तर “एकटे असता तर काय केलं असतं?” असं विचारा. आपल्याकडे घरी आलेल्याला वाईट वाटू नये म्हणून माणसं ‘छान आहे हो, समजलं’ म्हणतात. त्या शेऱ्याला किंमत देऊ नका, हात काय करत होते तेवढंच खरं.

टिपणात तीन रकाने पुरतात: वेळ, काय केलं, काय बोलले. उदाहरणार्थ: ‘०४:२० – फाइल मेनू उघडला, बंद केला, पुन्हा उघडला – “हितंच असायला पायजे”.’ ‘गोंधळले’, ‘कंटाळले’ असे शब्द टिपणात नकोत, ते तुमचे अंदाज आहेत.

शेवटी गुणांकन घ्यावं का, असं पुष्कळ जण विचारतात. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली ‘सिस्टिम युजेबिलिटी स्केल’ ही दहा विधानांची प्रश्नावली आहे. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण. विषम क्रमांकांच्या उत्तरातून १ वजा, सम क्रमांकांचं उत्तर ५ मधून वजा, सगळ्यांची बेरीज गुणिले २.५. सरासरी प्रोग्रॅमला ६८ च्या आसपास गुण पडतात. तीन-चार माणसांवर काढलेल्या आकड्यावर आमचा भरवसा नाही. आवृत्तीगणिक बदल पाहायचा असेल आणि बरीच माणसं मिळणार असतील, तरच तो काढा.

पाचवी पायरी: नोंद लिहा

टिपणांतून अडचणींची यादी काढा आणि प्रत्येकीपुढे दोन गोष्टी लिहा: किती जण अडले, आणि त्यांतले किती आपले आपण बाहेर पडले. ज्यातून कोणीच बाहेर पडलं नाही ती अडचण आधी नोंदवा.

नोंदवण्यापूर्वी तीच आधी कोणी नोंदवली आहे का ते तीन-चार वेगळ्या इंग्रजी शब्दांनी शोधा. सापडली तर नवी नोंद काढू नका. जुन्या नोंदीखाली तुमचा वापर लिहा: बेळगावात एकाच कागदावर कन्नड आणि मराठी का येतं, कोण तो कागद बनवतं, अडल्यावर काय करतं. नुसतं ‘मलाही हाच त्रास’ लिहिण्याने काही पुढे सरकत नाही. असा ठोस वापर वाचून मात्र जुनी नोंद पुन्हा कोणीतरी हातात घेऊ शकतं.

एका नोंदीत एकच अडचण. दहा तक्रारींची लांबलचक नोंद कोणीच बंद करू शकत नाही, म्हणून कोणी उघडतही नाही. समजा, शोधाचा मघाचा दोष एखाद्या प्रोग्रॅममध्ये तुम्हाला सापडला. नोंद इंग्रजीत लिहायची, पण तिचा सांगाडा असा:

शीर्षक – ‘ॲड’ शोधल्यावर दुसऱ्या संकेतांत लिहिलेला, तसाच दिसणारा शब्द सापडत नाही.
आवृत्ती – प्रोग्रॅमची आणि ऑपरेटिंग सिस्टिमची. लिब्रेऑफिसमध्ये ‘अबाउट’च्या चौकटीतून ती जशीच्या तशी कॉपी करता येते.
पायऱ्या – १. जोडलेली फाइल उघडा. २. शोधचौकटीत पहिल्या ओळीतला शब्द चिकटवा. ३. ‘सर्व शोधा’ दाबा.
काय झालं – सहापैकी तीन नोंदी सापडल्या.
काय व्हायला हवं – सहाही.
कोणाला त्रास – दोन वेगळे कळफलक वापरणारे कारकून एकच यादी भरतात. चाचणीत चारपैकी तिघांनी नाव यादीत नाही असं समजून पुन्हा भरलं.

सोबत छोटी चाचणी-फाइल आणि पडद्याचं एक कातरलेलं चित्र जोडा. व्हिडिओ द्यायचाच तर वीस-तीस सेकंदांचा. पडदा मराठीत असेल तर बटणांची इंग्रजी नावंही लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला ते बटण ओळखता येत नाही. ‘वाईट’, ‘किचकट’, ‘जुनाट’ ही विशेषणं गाळा. वाचणारा बहुतेकदा तुमच्यासारखाच बिनपगारी असतो, आणि विशेषणावरून त्याला काहीच दुरुस्त करता येत नाही.

नोंदीनंतर

लिब्रेऑफिसमध्ये नवी नोंद ‘अनकन्फर्म्ड’ असते. दुसऱ्या कोणी तोच दोष आपल्या मशीनवर पाहिला की ती ‘न्यू’ होते. ‘नीडइन्फो’ झाली तर चेंडू तुमच्याकडे आहे, उत्तर दिलं नाही तर काही महिन्यांनी ती बंद होते. ईमेल पाहत राहा. कोणीच बोललं नाही तर दीड-दोन महिन्यांनी ताज्या आवृत्तीत पुन्हा तपासून ‘दोष अजून आहे’ एवढी एक ओळ लिहा. दर आठवड्याला आठवण करू नका.

उपाय सुचवायचा असेल तर सगळ्यांत लहान बदल सुचवा: बटणावरचा शब्द, मेनूतला क्रम, चौकटीतली मूळ (आधीपासून ठरवून ठेवलेली) निवड. मूळ निवड बदलायला विरोध ठरलेला, कारण जुन्या वापरकर्त्यांची सवय मोडते. तिथे तुमची निरीक्षणं कामी येतात. कागदावरच्या रेखाटनाचा फोटोही चालतो. नीटस करायचं तर पेनपॉट (पडद्यांची रेखाटनं करायचं मुक्त साधन) किंवा इंकस्केप वापरा. जीनोम आणि केडीई या लिनक्सच्या डेस्कटॉपांच्या डिझाइनच्या नियमावल्या प्रसिद्ध आहेत. तुमचा मुद्दा त्यांतल्या नियमाशी जोडला तर चर्चा आवडीनिवडीवर घसरत नाही.

वेळापत्रकाकडेही लक्ष ठेवा. जीनोमची आवृत्ती मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये येते, लिब्रेऑफिसची फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये. त्याआधी काही आठवडे पडद्यावरचा मजकूर गोठवतात, कारण अनुवादकांना वेळ हवा असतो. शब्द बदलायची सूचना त्या काळात दिली तर ती पुढच्या आवृत्तीवर जाते.

मराठी पडद्यातल्या चुका तुम्ही थेट दुरुस्त करू शकता. लिब्रेऑफिससाठी वेबलेट, फायरफॉक्स घडवणाऱ्या मोझिलासाठी पोंटून, विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरसाठी ट्रान्सलेटविकी. या अनुवादाच्या संकेतस्थळांवर खातं काढून सुचवणी द्यायची. आपल्या भाषेतला नेहमीचा खड्डा म्हणजे विभक्ती. मूळ वाक्यात फाइलचं किंवा माणसाचं नाव नंतर भरायची जागा असते. तिला ‘ला’, ‘चा’, ‘त’ चिकटवला की सामान्यरूप बिघडतं: ‘घोडा’चं ‘घोड्याला’ करायला प्रोग्रॅमला येत नाही, तो ‘घोडाला’ लिहितो. म्हणून वाक्य फिरवा: ‘%1ला पाठवा’ऐवजी ‘पाठवा – कोणाला: %1’. क्रियापदाच्या लिंगाचंही तसंच. ‘हटवला’, ‘हटवली’ ठरवता येत नसेल तर ‘हटवण्याचं काम पूर्ण’ असं लिहा. मात्र इंग्रजीत दोन तुकडे जोडून वाक्य बनवलं असेल तर अनुवादात ते सुधारत नाही, कारण तुकड्यांचा क्रम कोडमध्ये ठरलेला असतो. त्याची दोष म्हणून वेगळी नोंद करा.

दुरुस्ती झाली की नोंदीत ती कोणत्या आवृत्तीत येणार ते लिहिलेलं असतं. लिब्रेऑफिसची रोजची चाचणी-बांधणी नेहमीच्या आवृत्तीशेजारी स्वतंत्र बसते, तिच्यामुळे तुमचं रोजचं काम बिघडत नाही. ती उतरवा, जुनी चाचणी-फाइल उघडून दोष गेला का ते पाहा, आणि पूर्वी अडलेल्यांपैकी एकाला तेच काम पुन्हा करायला द्या. जमलं तर नोंदीत ‘व्हेरिफाइड’ करा. नाही जमलं तर नव्या टिपणासह तीच नोंद पुन्हा उघडा.